कॅप्टनसाहेबांचा परिचय

मंडळाच्या कार्यक्रमाला पाहुणा आला की त्याचा परिचय कोण लिहितं? अर्थातच पाहुणा! तो स्वतःबद्दल दहा गोड वाक्यं लिहून देतो, निवेदिका ती मान वेळावत वाचते आणि आपण टाळ्या वाजवतो. पुण्यात हेच, दुबईतही हेच. यात कुणाला काही खटकत नाही. अनुराधालाही २००४च्या त्या गुरुवारपर्यंत खटकलं नव्हतं.

अनुराधा दुबईतल्या एका मराठी मंडळाची वेबसाइट सांभाळायची. नवरा राजन जबल अलीतल्या कंपनीत मॅनेजर, मुलगी ओवी आठवीत. त्या वर्षी महाराष्ट्र दिनाला मंडळाने कॅप्टन प्रकाश यांचा सत्कार केला. आधी भारतीय लष्करात, मग आफ्रिकेतल्या लढायांत भाडोत्री सैनिक, आता परदेशात सुरक्षारक्षक पाठवण्याचा धंदा. त्यांनी दिलेला कागद आणि फोटो अनुराधाने वेबसाइटवर चढवला. मजकूर जरा कोरडा वाटला, म्हणून कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता तिने पदरचं एक वाक्य घातलं: 'मरणाला दारातूनच परत पाठवणारा मराठी वीर!' खाली स्वतःचं नाव टाकलं. वाक्याचं सगळ्यांनी कौतुक केलं आणि बाई खूश झाल्या.

दोन महिन्यांनी, गुरुवारी दुपारी दाराची बेल वाजली. बिल्डिंगखाली लोकांचे अर्ज-कागदपत्रं टाइप करून देणारं टायपिंग सेंटर चालवणारे रत्नागिरीचे नूरुद्दीनभाई एका तरुणाला घेऊन उभे होते.

"वहिनी, हा किसन. अल क्वोजला वेल्डर आहे. राजीनामा टाइप करून द्या म्हणतो. कशाला म्हटलं, तर हा कागद काढला. खाली तुमचं नाव दिसलं, म्हणून वर आणला."

तो वेबसाइटच्या त्याच पानाचा प्रिंट होता. घड्या पडून मऊ झालेला.

"इराकला चाललोय ताई," किसन म्हणाला. "कॅप्टनसाहेब नेणार. पाच हजार दिरहम, म्हणजे साठ हजार रुपये महिना! आई नकोच म्हणत होती. मग हा कागद फोनवर वाचून दाखवला. मंडळानं लिहिलंय म्हटल्यावर गप झाली."

अनुराधाने तो कागद हातात घेतला. "अरे, पण मला ते त्यांनीच लिहून दिलं होतं!"

"तपासलं नाही?" नूरुद्दीनभाईंनी विचारलं.

"पाहुणे होते, भाई. पाहुण्याला पुरावा कसा मागणार? कसं दिसलं असतं ते?"

"वहिनी, बावीस साल झाले मला. ओरिजिनल समोर ठेवल्याशिवाय मी कुणाच्या बापाचं नावसुद्धा टाइप करत नाही. सख्खा भाऊ आला तरी म्हणतो, ओरिजिनल दिखाव. चिडतात लोक. चिडू देत! माझ्या मशीनमधून निघालेला कागद पुढे सगळे खराच धरतात. तुमच्या कागदाचंही तेच झालं ना?"

अनुराधा कॉम्प्युटरसमोर बसली आणि इंटरनेटवर कॅप्टनचं नाव शोधू लागली. चार पानं सापडली. तिला जरा धीर आला. पण वाचते तर काय, चारही ठिकाणी तेच मरण, तेच दार आणि तोच मराठी वीर! सगळ्यांनी तिचंच पान उतरवून घेतलं होतं. साक्षीदार चार, आणि चौघेही ती स्वतःच.

मग तिने परिचय पुन्हा, या वेळी बोट ठेवून वाचला. जन्म १९६१. पुढे, आठ ओळींनंतर, १९७१च्या युद्धात जखमी. म्हणजे दहाव्या वर्षी! सभागृहात चारशे माणसं होती आणि एकालाही वजाबाकी सुचली नाही.

फोटोखाली लिहिलं होतं, 'आफ्रिका, १९९५'. फोटो मोठा होता म्हणून तिनेच त्याच्या कडा कापल्या होत्या. तिने मूळ फोटो उघडला. मागे उभी ओवी लगेच म्हणाली, "मम्मा, लुक अॅट द जीप! दॅट्स अ दुबई नंबर प्लेट."

खरंच होतं. नंबर प्लेट डाव्या कडेला होती, आणि ती कड अनुराधाने स्वतःच्या हाताने कापली होती.

तेवढ्यात, गुरुवारचं अर्ध्या दिवसाचं ऑफिस आटोपून राजन घरी आला. सगळं ऐकून त्याने आधी दार लावून घेतलं. "हे बघ, सतीशसाहेब मंडळाचे अध्यक्ष, माझे बॉस आणि या कॅप्टनचे पार्टनर. त्यांनी मनात आणलं तर आपला व्हिसा खलास! महिन्याभरात शाळा, घर, सगळं सोडून निघावं लागेल. तू यात पडू नकोस."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. अनुराधाला आपल्याच घराची दारं बंद झाल्यासारखी वाटली. "पान गुपचूप काढून टाकू का?" तिने हळूच विचारलं.

"आणि आम्ही काय करायचं?" किसन म्हणाला. "माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, राजीनामा दिल्याशिवाय मिळत नाही. पन्नास डिग्रीत शेडमध्ये वेल्डिंग. इथून सुटायला हा एकच रस्ता होता ताई. आणि वली तर मंगळवारी गेलासुद्धा! एकाच गावचे आम्ही. हा कागद त्याचाच आहे. त्याचा मोबाइल दोन दिवस बंद लागतोय."

वली गेला होता! आता पान गुपचूप काढून काय उपयोग? ज्याने वाचलं तो तर निघून गेला होता.

अनुराधाने जुना मजकूर पुसला आणि नवा लिहिला: 'कॅप्टन प्रकाश यांच्याविषयी मी इथे लिहिलेलं मी तपासलं नव्हतं. वय जुळत नाही. फोटोतली जीप दुबईची आहे. या पानावर विसंबून कुणी कुठेही जाऊ नये. चूक माझी आहे.' खाली पुन्हा आपलं नाव टाकलं.

राजनने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, "चढव. वलीसारखा आणखी कुणी जायला नको. साहेबांना मीच फोन करतो. त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको. किसन, वलीचं पूर्ण नाव सांग, कॉन्सुलेटला कळवू या. आणि तुझ्या पासपोर्टचंही विचारतो. होईलच असं म्हणत नाही, पण विचारतो." आणि साहेबांचा नंबर त्याने फिरवला. किसनने राजीनाम्याचा विचार सोडला आणि संध्याकाळच्या बसने तो पुन्हा अल क्वोजला, त्याच शेडकडे परत गेला.

जाण्याआधी त्याने अनुराधाला वलीच्या गावचा नंबर लावून दिला. फोन वलीच्या बायकोने, हव्वाबीने घेतला.

"मी दुबईहून अनुराधा बोलतेय. कॅप्टनचा तो कागद मी लिहिला होता."

"तुम्हीच का त्या?" पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला. "बरं झालं बाई तुमचा फोन आला. यांचा काही पत्ता नाही, जीव टांगणीला लागला होता. पण तुमच्यासारखी शिकलेली माणसं लिहितात म्हटल्यावर ते खोटं कसं असेल?"

वाचकहो, आपण छापलेल्या, पाठवलेल्या, स्टेजवरून वाचलेल्या प्रत्येक ओळीवर कुठेतरी एक हव्वाबी असाच विश्वास टाकून बसलेली असते. म्हणून पाहुणा कितीही मोठा असो, आधी विचारा, तपासा, आणि मगच खाली आपलं नाव घाला! नाहीतर एक दिवस तुम्हालाही तेच बोलावं लागेल, जे त्या दुपारी अनुराधाला बोलावं लागलं.

"हव्वाबी," ती म्हणाली, "ते खोटं आहे."