नमुन्याचा बोल्ट

मित्रांनो, मी बोल्ट आहे. जुना आहे, मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा आहे, आणि माणसांवर माझा राग आहे. तुम्हाला मित्र म्हणालो ते केवळ रीत म्हणून. हातात हातोडी घेतलेले मित्र मी फार पाहिले.

माझ्या अंगावर सात आटे आहेत. आटे म्हणजे नटाला धरून ठेवणाऱ्या बारीक वळ्या. माझी गोष्ट मी आट्याआट्याने सांगणार, टोकाकडून डोक्याकडे. एक आटा मोडलेला आहे. तिथे गोष्टही मोडेल. तक्रार करू नका.

पहिला आटा

माझा जन्म परदेशात एका कारखान्यात झाला. आता तो कारखाना नाही. तिथे तयार झालेल्या मोटारसायकलचे नावसुद्धा टाकीवरून उडून गेले आहे.

तसल्या दोन गाड्या धरणाच्या मोजणीसाठी नांदेडला आल्या. साहेब लोकांनी त्या काळ्या मातीतून दहा वर्षे पिदडल्या. मग दोन्ही एकाच दिवशी लिलावात निघाल्या. एक भंगारात गेली. दुसरी उदगीरच्या देविदासने घेतली. मी दुसरीत होतो.

आम्ही चौघे भाऊ. साखळीचे दातेरी चक्र आम्ही चाकाला आवळून धरायचो, म्हणून साखळी ओढली की चाक फिरायचे. लोक म्हणायचे, "काय आवाज आहे गाडीचा!" आवाज इंजिनाचा. आमच्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. देविदास टाकी पुसायचा, आरसा पुसायचा, आरशात भांगही पाडायचा. चार वर्षांत आमच्यावर त्याने एकदाही पाना लावला नाही.

दुसरा आटा

लातूर जिल्हा नवा झाला आणि त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात विहिरींचे तळ दिसले. देविदास बौद्ध घरातला, बी. ए. झालेला, तिशीला आलेला, आणि अजून कायमच्या नोकरीशिवाय. त्याला दुष्काळापुरते एक काम मिळाले होते. पाण्याचा टँकर वाडीवर खरोखर पोचतो की नाही, हे पाहून वहीत लिहायचे. मग नव्या जिल्ह्याच्या ऑफिसातून कागद आला. हे काम कायम होणार, पण ज्याची स्वतःची गाडी चालू असेल त्याचेच. येत्या गुरुवारी अकरा वाजता गाडी लातूरला आणून दाखवायची.

शनिवारी आमच्यातले दोघे रस्त्यात गळून पडले.

"बोल्ट पडले म्हणतोस," उदगीरचा मलप्पा मिस्त्री चाकाशी उकिडवा बसत म्हणाला. "पडत न्हाईत यप्पा. माणूस पाडतो त्यास्नी. पाना लावून कधी कसले होतेस का?"

देविदास आरसा पुसू लागला.

"दोनावर चालवलास तर चक्र निघंल. त्याच्या मागं तू बी निघशील."

"तुमच्याकडं असतील की दुसरे."

मलप्पाने डबा उपडा केला. शेकडो बोल्ट. त्यातला एकही माझ्या मापाचा नव्हता, आणि सगळे मला हसत होते.

"ह्याचे आटे लई बारीक हायेत. आपल्या बाजारात असला माल इल्ला, न्हाईच. नमुना घेऊन हिंड. तोंडानं सांगून बोल्ट भेटत न्हाई."

त्याने मला चाकातून काढले. माझा एक भाऊ तिथे एकटा राहिला. गाडी विटांवर चढली आणि मी देविदासच्या खिशात गेलो.

तिसरा आटा

नमुना होणे म्हणजे काय, ते ऐका. जखम दाखवून भीक मागतात, तसे माणूस तुम्हाला दाखवत फिरतो. सोमवारी लातूरच्या गंजगोलाई बाजारात मी दुकानामागून दुकान पाहिले. प्रत्येक फळीवर मला आपटले, प्रत्येकाने मला नखाने खरवडले.

"हे कोणत्या जमान्यातलं काढलंस?"

"असे दोन पाहिजेत. गुरुवारच्या आत."

"गुरुवारच्या आत तुझं लगीन जमवून देतो. हे न्हाई जमणार."

शेजारचा म्हणाला, "ह्याला हार घाल अन् भिंतीला लाव."

एका दुकानात मात्र मालकाने आटे जुळतात का पाहायला चकचकीत नवा नट आणला. तो माझ्या मापाचा नव्हता. पहिल्याच वेढ्यात मला कळले. देविदासलाही कळले. तो म्हणाला, "राहू द्या, बसत न्हाई." मालक म्हणाला, "बसत न्हाई म्हणजे? आमच्या दुकानात सगळं बसतं." त्याने लांब पाना लावला, ओठ चावला आणि सगळा जोर लावून

चौथा आटा

(मोडलेला. तो त्याच दुकानात पडला. संध्याकाळी झाडूने बाहेर गेला असेल.)

पाचवा आटा

मंगळवारी नांदेड. भंगारवाले खाजामियाँ खाटेवर बसूनच धंदा करायचे. त्यांनी मला उन्हात धरले, डोळा बारीक केला.

"इसका तो खानदानच खतम हो गया, बाबा."

देविदास तिथेच जुन्या टायरावर बसला. त्याचा चेहरा पाहून त्यांना काही आठवले असावे.

"ठैरो. ऐसा एक चक्का था मेरे पास. चारों बोल्ट के साथ. तीन बरस हुए, एक औरत ले गई. बोली, बावडी पे लगाना है."

"कोण होती?"

"नाम नई मालूम, जुबान मालूम. दो घंटे मेरेकु गाली दी, तब जाके भाव टूटा."

वाडीचे नाव मात्र त्यांना ठाऊक होते, कारण ते चाक त्यांनीच एस.टी.च्या टपावर बांधून दिले होते. वाडी उदगीरच्या पुढे, कर्नाटकच्या सीमेजवळ होती. ज्या गाडीचा तुकडा शोधत आम्ही दोन जिल्हे हिंडलो, त्या भंगारात गेलेल्या जोडीदार गाडीचे चाक घराजवळच फिरत होते.

सहावा आटा

बुधवारी भर दुपारी आम्ही पोचलो. विहीर बौद्धवाड्याची. बहात्तरच्या दुष्काळात तिथल्या माणसांनी स्वतः खणलेली, सत्तर हात खोल. सरकारी टँकर गावातल्या विहिरीत रिकामा व्हायचा. इथवर येतच नसे.

काठावर रोवलेले दोन खांब, म्हणजे मेढी, मेढींवर लोखंडी दांडा आणि दांड्याला चार बोल्टांनी आवळलेले ते चाक. टायर नव्हता. रिमच्या खाचेतून दोर जायचा. असा हा गडगडा. आणि ते चार बोल्ट म्हणजे माझेच भाऊ. मी त्यांच्यावर जळलो. त्यांच्या डोक्यांवर पाण्याचे थेंब होते. कोणीतरी त्यांना एरंडेल चोळले होते.

देविदासने इकडे तिकडे पाहिले. कोणी नव्हते. त्याने पाना काढला.

मित्रांनो, पाणी पोचते की नाही हे पाहणे, हे या माणसाचे काम होते.

पहिला निघाला. दुसरा निघताच चाक कलले, दोर घसरला आणि पोहरा आत जाऊन धाडकन आदळला.

"कोन हाय रं तिकडं?"

ती सरजाबाई. चाक आणणारी तीच. मागे तिची सून कावेरीबाई आणि आणखी सात-आठ जणी.

"जयभीम, मावशी," देविदास म्हणाला. मूठ पाठीमागे होती.

"जयभीम. मूठ उघड."

त्याने उघडली.

"बघा की आत्याबाई," कावेरीबाई म्हणाली. "जयभीम घालून चोरून राहिलाय!"

देविदासने मग सगळे सांगितले. खिशातून मला काढून दाखवले, उद्याचे अकरा वाजताचे सांगितले. "मला हे काम लागलं तर तुमच्या वाड्यावर टँकर आणीन. शपथ."

"मागचा बी शपथच खाऊन गेला," सरजाबाई म्हणाली. "त्येचं पोट भरलं. आमची घागर न्हाई भरली."

"मावशी, गाडी न्हाई दाखवली तर माझं सगळं गेलं."

"सव्वीस घरं हायेत बाबा हितं. दुपारचं पाणी काढायचं हाय. गडगडा तू मोडलास. आता तूच गडगडा."

कोणी हसले नाही. गळ टाकून पोहरा काढला आणि दोर त्याच्या हातात दिला.

त्याने पाणी शेंदले. नुसत्या हातांनी, सत्तर हात खालून. बायका लिंबाच्या सावलीत बसल्या आणि तोंडाने त्याला सोलत राहिल्या.

"सांडतंय की रं! टँकरवाल्याला पाणी फुकटचं वाटतं व्हय?"

"बी. ए. ला शिकवत न्हाईत वाटतं हे."

"पँट वर कर, साहेब भिजतोय!"

दहाव्या घागरीला त्याचे तळहात फुटले. विसाव्या घागरीनंतर दोरावर लाल डाग दिसू लागले. मला तो आवडत नव्हता. पण तो थांबला नाही, एवढे सांगणे भाग आहे.

उन्हे उतरली. शेवटची घागर भरली. सरजाबाई उठली.

"तीन बोल्टांवर चालंल का तुझी गाडी?"

"सावकाश चालंल."

"मग सावकाश जा. हे दोन घेऊन जा. तुझा तो हितं राहू दे. आमचा बी गडगडा तीनावर चालंल." त्याने मला खिशातून काढले. तिने मला त्याच्या तळहातावरून उचलले. रक्ताने मी चिकट झालो होतो. "टँकर घेऊन ये आन् ह्याला घेऊन जा."

सातवा आटा

गाडी पास झाली. काम कायम झाले. हे मी विहिरीवर ऐकले. आठव्या दिवशी टँकर वाड्यावर आला. पुढे देविदास, तीन बोल्टांच्या गाडीवर, सावकाश. टँकरचे पाणी विहिरीत सोडले तेव्हा पोरे नाचली.

"तुझा बोल्ट ने की," सरजाबाई म्हणाली.

"राहू द्या मावशी. आता मला सरकारी गाडी भेटणार हाय."

टँकर आणखी दोनदा आला. मग आलाच नाही. देविदासचे अक्षर चांगले म्हणून त्याला लातूरला टेबल मिळाले होते. ड्रायव्हर चिठ्ठी द्यायचा, देविदास वहीत उतरवायचा.

तीन आठवडे गेले. विहिरीत गाळ लागला. एका सकाळी सरजाबाईने मला काढले. "दोनावर गडगडा लावू नगा, हातानं वढा," असे सुनेला बजावले आणि मला पदराच्या गाठीत बांधून ती एस.टी.त बसली.

नव्या जिल्ह्याची ऑफिसे भाड्याच्या घरांत विखुरलेली होती. एक गोदामात, एक दवाखान्याच्या माडीवर. पाट्या लागल्या नव्हत्या. तिला देविदासचे आडनावही ठाऊक नव्हते. ती टेबलामागून टेबल फिरली आणि प्रत्येकावर मला ठेवून एकच विचारत गेली.

"ह्या बोल्टाचा माणूस कुठं बसतो?"

"म्हातारे, हे गॅरेज न्हाई."

"मला दिसतंय. गॅरेजात काम तरी हुतं."

दुपारी तिला तो सापडला. तिने मला त्याच्या उघड्या वहीवर ठेवले. पानावर एरंडेलाचा डाग उमटला.

"मावशी! कशा काय आलात?"

"पाणी न्हाई."

त्याने पान उलटले. बोट ठेवले. "असं कसं? हे बघा. सोमवारी आलं, गुरुवारी आलं. लिहिलंय हितं."

"मग ती वही पिळ," सरजाबाई म्हणाली. "पिळ. दोन थेंब पडले तर मी उठून जाते."

शेजारचा कारकून हसला. देविदास हसला नाही. "उद्या येतो," तो म्हणाला. "नक्की."

"उद्या न्हाई. गडगडा दोनावर हाय. सगळ्या हातानं वढून राहिल्यात. तुला ठावं हाय हातानं वढायचं म्हंजी काय." आणि ती त्याच्या टेबलासमोर, भर ऑफिसात, फरशीवर मांडी घालून बसली.

शिपाई तिला उठवायला आला. देविदासने आधी शिपायाकडे पाहिले, मग स्वतःच्या तळहातांकडे. तिथे नवी कातडी आली होती, गुळगुळीत आणि फिकी. त्याने सोमवारची नोंद खोडली. गुरुवारचीही खोडली. दोन्ही खाडाखोडींपुढे सही केली, आता त्या वरच्या साहेबांना दाखवाव्या लागणार होत्या, आणि टँकर कुठे आहे ते विचारायला उठला.

डोके

आटे संपले. उरले ते माझ्या डोक्यात आहे.

अशा गोष्टीच्या शेवटी मुलांना काही सांगायचे असते. मी गोड सांगणार नाही. लोखंडाला माया लागत नाही, पाना लागतो. बोल्ट बसवणारा माणूस हात झटकतो आणि म्हणतो, झाले काम. त्याच क्षणापासून ते काम सैल व्हायला लागते. हळूहळू, आवाज न करता. तुमच्या शाळेच्या बाकाला, पाळण्याला, नळाला, कुठे तरी माझा एक भाऊ आत्ता सैल होतो आहे. तो तुम्हाला हाक मारणार नाही. तुम्हीच जाऊन पाहा. एकदा पाहिले म्हणून थांबू नका.

त्या दिवशी संध्याकाळच्या आत टँकर वाड्यावर आला. देविदास ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसला होता आणि सरजाबाई दोघांच्या मध्ये, मला मुठीत धरून. तो उतरला. पाइप सोडण्याआधी त्याने मला तिच्या हातातून मागून घेतले, चाकाच्या भोकात घातले आणि पाना लावला. बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. कोणी त्याला टोमणा मारला नाही, कोणी आभारही मानले नाहीत. त्याने कसले, पाना खिशात घातला आणि कपाळ पुसले.

सरजाबाई पुढे आली. माझ्या डोक्यावर तिने बोट ठेवून मला हलवून पाहिले.

"अर्धा फेरा राहिलाय," ती म्हणाली. "कस."