रिश्ता

विष्णुपंतांना नारूचा वीट आला होता. स्वतःला झाला नव्हता, देवाची कृपा. पण सबंध हिवाळा माणूस नारूच वाचत बसला तर त्याला वाटायला लागतं, यापेक्षा झालेला परवडला. निदान चार लोक येऊन विचारपूस तरी करतात. इथं धाराशिवच्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत रुमालात बांधलेल्या दप्तरांच्या ढिगात बसलेल्या कारकुनाला कोण विचारतो? धूळ तेवढी आपुलकीनं नाकात जायची.

हा ताप त्यांच्या मागं लावला होता डॉक्टर मल्लिकार्जुन यांनी. डॉक्टर आळंदकडचे, घरात कानडी, शिक्षण मुंबईचं. इंग्रजी फडफडा वाचायचे, मराठी बोलायचे, पण उर्दू लिपी समोर आली की कागद लांब धरायचे. आणि निजाम सरकारचा सगळा कारभार उर्दूत. मग काय, इंग्रजी मासिकं डॉक्टरांनी वाचायची आणि जिल्ह्यातल्या एकूण एक दवाखान्याचे सालोसालचे उर्दू अहवाल विष्णुपंतांनी. मासिकं तरी कसली, लढाईमुळं विलायतेहून यायची ती शिळी होऊन, तीही मधले अंक गहाळ.

"पंत, आपल्याला जे हवंय ते शोधू नका," डॉक्टर रोज बजावायचे. "नारूबद्दल जे जे लिहिलंय ते सगळं काढा. आपल्या बाजूचं, आपल्या विरुद्धचं, सगळं. त्यातून काय निघतं ते मग बघू."

"बघू की," विष्णुपंत म्हणायचे आणि पुढचा रुमाल सोडायचे.

हवं काय होतं, ते मात्र दोघांनाही ठाऊक होतं. माकणीच्या पलीकडं करजवाडी नावाचं गाव आहे. तिथं एक जुनी बारव, पार तळापर्यंत दगडी पायऱ्या. सगळं गाव त्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालून घागरी भरायचं, आणि दर उन्हाळ्यात निम्मं गाव नारूनं आडवं व्हायचं. डॉक्टर सांगायचे, ज्याच्या पायातून नारूचा लांब किडा निघतो, तो आगीनं कळवळून पाय पाण्यात बुडवतो. नारू तिथंच आपली पिलं सोडतो. तेच पाणी दुसरा पितो. पायऱ्या बुजवा, भिंत घाला, वरून रहाट लावा, म्हणजे कुणाचा पाय पाण्याला लागणार नाही. करजवाडीच्या पाटलांना हे पटत नव्हतं. वाडवडिलांनी बांधलेल्या पायऱ्या बुजवायच्या म्हणजे काय, म्हणून ते हटून बसलेले. शेवटी अव्वल तालुकदारसाहेबांनी, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांनी, सांगितलं, असं एखाद्या गावात करून फरक पडला, हे लेखी दाखवा, मी हुकूम काढतो.

आणि त्याच करजवाडीत विष्णुपंतांची लेक दिली होती. वनमाला, एकुलती एक. सासरे कुलकर्णी, माणसं भली, पण पाणी बारवेचंच. सासूच्या गुडघ्यात नारू निघाला होता, कुणीतरी हिसका देऊन ओढला, तो आतच तुटला. तेव्हापासून पाय दुमडला तो दुमडलाच. ती बाई घरात बसून सरकते. वनमाला माहेरी आली की विष्णुपंतांचं लक्ष आधी तिच्या पावलांकडं जायचं. पोर विचारायची, "अण्णा, माझ्या तोंडाकडं बघा की कधीतरी!"

तर असा दाखला सापडला, परंड्याकडं. सोनारीच्या वाटेवर कुकडगव्हाण म्हणून गाव. तिथल्या बारवेच्या पायऱ्या मागं आपोआप ढासळल्या आणि लोकांनीच वैतागून तोंडाशी भिंत घालून रहाट बसवला होता. जवळच्या दवाखान्याचे अहवाल विष्णुपंतांनी चाळले. भिंतीच्या आधी पानोपान नारू. नारू, नारू, नारू. भिंतीच्या पुढच्या सालात एकसुद्धा नाही! पोटदुखी होती, खरूज होती, ताप होता, बायकांच्या पायाची दुखणी होती. नारू नाही. विष्णुपंत खुर्चीतून उठून थेट डॉक्टरांच्या खोलीत गेले, आत रोगी बसलाय हेही पाहिलं नाही.

"सापडलं!" एवढंच म्हणाले.

दोघांनी मिळून कागद तयार केला. कागद कचेरीत गेला. तालुकदारसाहेब दौऱ्यावरून आले की सही होणार, वैशाखात पाणी तळाला गेलं की भिंत उठणार, असं ठरूनही गेलं. विष्णुपंतांनी घरी सत्यभामाबाईंना सांगितलं, "आता पोरीची काळजी मिटली." बाईंनी देवापुढं साखर ठेवली.

त्याच आठवड्यात हकीम महेबूब अली दवाखान्यात आले. हकीमसाब युनानी महकम्यातले, म्हणजे खात्यातले, बदलीच्या कामासाठी आलेले, मोठे गप्पिष्ट. पान लावत विष्णुपंतांच्या टेबलाशी बसले. गप्पांत निघालं की कुकडगव्हाणजवळच्या दवाखान्यात भिंतीनंतरच्या साली हेच होते. आधीचा कंपाउंडर गेला, त्या जागी सरकारनं युनानी दवाखाना दिला, तिथं हे एकच साल राहिले. विष्णुपंत खुशीत होते, त्यांना थट्टा सुचली.

"हकीमसाब, तुमच्या दवाखान्यात रोगी कमी आणि नातेवाईकच फार हो! एकही बाई स्वतः येत नव्हती?"

"क्या बोलते पंतजी? कैसे नातेवाईक?"

"हे काय, जिथं तिथं लिहून ठेवलंय. कडूबाई, रिश्ता, पांव. गुलबानो, रिश्ता, पांव. म्हणजे पाय बाईचा दुखतोय आणि औषध न्यायला आलाय नातेवाईक. पडद्यातल्या बायकांचं मी समजू शकतो, पण ही कडूबाई कशाला पडदा पाळतीय?"

हकीमसाब आधी बघतच राहिले. मग असे हसले, असे हसले, की पानाचा रस अंगरख्यावर आला.

"अजी, वो नाते का रिश्ता नक्को समझो! रिश्ता बोले तो धागा. पांव में से धागा निकलता नै? तुम लोगां नारू बोलते, हमारे तिब में उसकूच रिश्ता बोलते!"

हकीमसाब डोळे पुसत निघून गेले. जाताना दारातल्या शिपायालाही सांगून गेले असणार, कारण तोही हसत होता. विष्णुपंत मात्र बसले ते उठेनात. जन्मभर कागदावर उस्मानाबाद लिहिणारा आणि घरी धाराशिव म्हणणारा माणूस! एका गोष्टीला दोन नावं असतात, हे याला कुणी वेगळं शिकवायला पाहिजे होतं का? पण नाही. उर्दू शाळेत वाचलेली, कचेरीच्या कामापुरती. रिश्ता म्हणजे नातं, एवढंच माहीत. हाताखालचा कागद नारू म्हणत नाही ना, मग नारू नाही.

त्यांनी तो अहवाल परत सोडला. भिंतीनंतरच्या त्या सालात पानोपान रिश्ता होता. म्हणजे भिंतीनं काडीचा फरक पडला नव्हता. निदान कागद तरी तेच सांगत होता. पुढच्या सालांचे अहवाल इथं नव्हतेच. युनानी महकमा निराळा, ते सगळं हैदराबादला; पहिलंच साल तेवढं जुन्या दप्तरात राहून गेलेलं.

आता खरं सांगायचं तर गप्प बसता आलं असतं. डॉक्टरांना उर्दू येत नाही. हकीमसाबांना हा उद्योग कशासाठी चाललाय ते ठाऊक नाही. कचेरीत कोण बसलंय दप्तरं उलटायला? सही झाली असती, भिंत उठली असती, वनमालेचा उन्हाळा सुखाचा गेला असता. विष्णुपंतांच्या मनात हे सगळं आलं. का येऊ नये? बाप होते ते. दुपारभर त्यांनी एक अक्षर वाचलं नाही. पोरीची पावलं डोळ्यांपुढून हलेनात.

संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या वेळी ते डॉक्टरांपुढं जाऊन उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी हातातली लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, "पंत, तुमची मुलगी तिथंच दिलीय ना?"

"हो."

"मग मला हे कशाला सांगितलंत?"

एवढा शिकलेला माणूस, पण आवाज रडवेला झाला होता. विष्णुपंतांनाच त्यांची कीव आली.

"डॉक्टर, भिंत घातली आणि पुढच्या साली पुन्हा गाव आडवं झालं तर? पाटील म्हणतील, बघा, पायऱ्याही गेल्या आणि नारूही राहिला. मग जिल्ह्यात दुसरी भिंत कुणी घालू देईल का? तुम्हीच म्हणता, विरुद्धचंही काढा. निघालं ते. आता मी कुठं लपवू?"

डॉक्टरांनी कागद परत मागवला. तालुकदारसाहेब रागावले नाहीत, हसले फक्त, आणि म्हणाले, आधी तुमचं वाचून होऊ द्या. पाऊस आला, बारवा भरल्या, आणि भिंतीचं नाव वर्षभरासाठी संपलं.

विष्णुपंत स्वतः करजवाडीला जाऊन लेकीला सांगून आले. "यंदा भिंत होत नाही. पाणी फडक्यानं गाळल्याशिवाय पीत जाऊ नकोस. दुहेरी फडकं घे." वनमाला हो म्हणाली. तिनं कारण विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मग पुन्हा तीच खोली, तीच धूळ. सगळे रुमाल पहिल्यापासून सोडायचे. आता नुसता नारू शोधून भागत नव्हतं. रिश्ता होता, हकीम लोकांचा इर्के मदनी होता, एका जुन्या मुन्शीचा नहरुवा होता, नळदुर्गकडच्या एकानं तर उर्दू अक्षरांत कानडी शब्द लिहिला होता. जे अहवाल एकदा वाचून वेगळे ठेवले होते ते सगळे परत. विष्णुपंतांची पाठ धरली, चष्म्याचा नंबर वाढला. सत्यभामाबाई म्हणायच्या, "एवढं वाचून तुम्हाला कोण जहागीर देणार आहे?" ते उत्तर देत नसत. उत्तर द्यायलाही अंगात जीव लागतो.

थंडी पडल्यावर हैदराबादहून युनानी महकम्याचे कागद आले. भिंतीनंतरच्या पहिल्या सालात रिश्ता भरपूर, ते माहीतच होतं. दुसऱ्या सालात नाही. तिसऱ्यात नाही. विष्णुपंतांनी सगळ्या नावांनी शोधलं, मग आणखी एकदा शोधलं, कारण आता त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता. कुठल्याही नावानं नाही.

डॉक्टर एक इंग्रजी मासिक घेऊन धावतच आले. "पंत, हे बघा! पाणी पोटात गेल्यापासून नारू बाहेर पडेपर्यंत वर्ष जातं, सबंध वर्ष. हे मी कॉलेजात शिकलो होतो आणि साफ विसरलो होतो. कुकडगव्हाणात भिंतीनंतर जो निघाला तो भिंतीच्या आधी प्यायलेल्या पाण्याचा. भिंत काम करते, पण तिचं फळ एक उन्हाळा उशिरा दिसतं!"

विष्णुपंतांनी मान हलवली. आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही असेल, पण आधी झोप आली.

या वेळी कागद पक्का होता. पाटलांचं काही चाललं नाही. चैत्रात करजवाडीच्या पायऱ्या बुजल्या, भिंत उठली, रहाट बसला. पाटलांच्या घरच्या बायकांनीच त्याची ओटी भरली म्हणे.

आणि वैशाखात एक दिवस दवाखान्याच्या दारात बैलगाडी थांबली. विष्णुपंतांनी सहज बाहेर पाहिलं. जावईबापू वनमालेला हात धरून उतरवत होते. डावं पाऊल ती टेकवत नव्हती.

डॉक्टरांनी घोट्याजवळचा फोड धुतला. पांढरं टोक दिसत होतं. त्यांनी ते हलक्या हातानं बाहेर घेतलं, एका बारीक काडीला गुंडाळलं आणि म्हणाले, रोज थोडा थोडा, तुटू द्यायचा नाही. बोलताना त्यांनी विष्णुपंतांकडं पाहिलं नाही. काम झाल्यावर जावयांना घेऊन बाहेर गेले.

"घरी गाळूनच पीत होते, अण्णा," वनमाला म्हणाली. तिला वाटलं, बाप रागावलाय. "पण बारवेवर धुणं घेऊन गेलं की ऊन मी म्हणायचं. तिथं कुठलं फडकं? ओंजळीनंच प्यायचो सगळ्याजणी."

"असू दे."

"आता तर भिंत झाली. मग हा कुठल्या पाण्याचा?"

विष्णुपंतांना खोटं सांगता आलं असतं. या वेळी तर कुणाचंच काही बिघडलं नसतं.

"मागल्या ज्येष्ठातल्या. वर्ष लागतं त्याला बाहेर यायला."

वनमालेनं बोटांवर महिने मोजले. "मागल्या वैशाखातच होणार होती ना भिंत? आईनं निरोप धाडला होता, साखर ठेवली म्हणून."

"हो."

"मग कुणी अडवली?"

"मी," विष्णुपंत म्हणाले. "कागदात चूक होती माझी. ती नीट करेपर्यंत थांबवा, असं मीच म्हणालो."

खोलीत माशा फार झाल्या होत्या. तिनं पदरानं पायावरच्या वारल्या. मग तिला कळ आली असावी, कारण तिनं बापाचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"आमच्या शेजारच्या शांतम्माची सून गरोदर आहे," ती शेवटी म्हणाली. "तिला होईल का हो, अण्णा?"

"मागच्या साली प्यायली असेल तर यंदा होईल," विष्णुपंत म्हणाले. "पुढच्या साली कुणाला नाही."

"नक्की?"

"नक्की. सगळं वाचलंय मी."