शनिवारचं ‘होय’

आमच्या शाळेत पुढच्या आठवड्याचं शिकवणं आदल्या शनिवारी दुपारीच उरकतं. मुलं तेवढी सोमवारी येतात.

चेष्टा नाही. टाचणवहीत दर तासाचं एक पान असतं. उद्दिष्ट काय, साहित्य काय, कोणती कृती घ्यायची, कोणते प्रश्न विचारायचे. सगळ्यात खाली एक चौकोन, ‘उद्दिष्ट साध्य झाले का?’ हा चौकोन पाठ झाल्यावर भरायचा, हे आम्हा सगळ्या बायांना ठाऊक आहे. पण पाठ झाल्यावर वेळ कुणाला असतो? म्हणून शनिवारी एका दमात, एकाच पेनाने आठवडाभराचं ‘होय’ लिहून टाकायचं. मी बारा वर्षं लिहितेय. सुरुवातीला हात अडखळायचा, आता पंख्याकडे बघत लिहिते.

वहीवर सही मुख्याध्यापिकेची, आणि मुख्याध्यापिका म्हणजे माझी थोरली जाऊ. नोकरीही तिनेच लावून दिली. फाटकाबाहेर मी तिला ताई म्हणते आणि ती मला ‘अगं’. फाटकाच्या आत ती मॅडम आणि मी ‘अहो बाई’. कधी भाजी निवडताना माझ्या तोंडून ‘मॅडम’ निघून जातं आणि ती ओ देते. बाकीच्या बायांना शाळा सुटते. मला नाही सुटत, मी तिच्याच सोबत चालत घरी जाते.

तशी ताई वाईट नाही. माझ्या बाळंतपणात तिने माझा वर्ग आणि माझं बाळ दोन्ही सांभाळलं. या महिन्याअखेर ती निवृत्त होणार होती. तीस वर्षांत तिच्या नावावर एकही लाल शेरा नव्हता, आणि सोमवारी तपासणीचं पथक येणार होतं, तिच्यासाठी शेवटचं.

घोळ झाला तो आधीच्या बुधवारी. पहिल्याच तासाला गच्चीवरची टाकी फुटली, जिन्यावरून पाणी वर्गात आलं आणि मुलांना घरी सोडलं. माझ्या वहीत मात्र बुधवारी भागाकाराचा पाठ अगदी सुरेख झाला होता. बाकी उरणारी उदाहरणं. ‘होय. मुलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.’

गुरुवारी मी वहीप्रमाणे पुढे गेले. त्रेपन्न पेन्सिली चार जणांत सारख्या वाटायच्या. एकतीस मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. “समजलं का?” म्हटल्यावर एका सुरात “होऽऽ बाई!” फळ्यापाशी या म्हटलं, तर एकही जागचं हलेना. मधल्या सुट्टीत मी ऑफिसात गेले.

“मॅडम, दोन दिवस द्या. बुधवारचा पाठ झालाच नाही. मुलांना ओ की ठो कळलेलं नाही.”

“वहीत झालाय ना?”

“वहीत झालाय.”

“मग झाला.” तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “शनिवारची घटक चाचणी छापून आलीय. पथक वही बघतं, पेपर बघतं, दोन्ही जुळायला हवं. आता मागे जाऊन काय करता? थोडे दिवस राहिलेत माझे, बाई. सुखाने जाऊ द्या.”

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “दोन अक्षरं तर आहेत. कशाला जिवाला लावून घेतेस?” मी म्हटलं, ‘नाही’लाही दोनच अक्षरं लागतात. त्यावर त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

शुक्रवारी मी चोरून बुधवारचा पाठ घ्यायचं ठरवलं. पिशवीभर बाटल्यांची बुचं नेली, चार वाट्या नेल्या. मुलांना वस्तू हातात धरून वाटता आल्या, तरच काय उरलं ते दिसतं. हे मला बारा वर्षांपूर्वी नीट माहीत होतं. सगळ्यांना एकेक चिठ्ठी वाटली. पाठ संपला की समजलं की नाही ते लिहायचं, नाव घालायचं नाही, असं बजावलं. मग फळ्यावर वाट्या काढायला वळले.

आकृती काढून मागे बघते, तर एकतीस चिठ्ठ्या टेबलावर, नीट गठ्ठा करून, वर डस्टर ठेवलेला. प्रत्येकीवर ‘समजले’.

गठ्ठा मुंगीने केला होता. मुंगी आमची मॉनिटर. अंगाने एवढीशी आणि दिवसभर काही ना काही उचलून नेत असते, म्हणून ते नाव. माझी टाचणवहीही शनिवारी तीच ऑफिसात पोचवते.

“अगं, अजून शिकवलं कुठे मी?” मी विचारलं.

“शेवटी घाई होते ना, बाई.” मला मदत केल्याचं समाधान तिच्या तोंडावर होतं. “तुम्हीपण शनिवारीच लिहून टाकता.”

तिला उलट बोलायचं नव्हतं. तसं असतं तर मी रागावून मोकळी झाले असते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा वर्षांत माझ्याकडून मुलं नक्की काय शिकली, ते टेबलावर डस्टरखाली होतं.

मी चिठ्ठ्या फाडल्या. “यापुढे समजलं नसेल तर समजलं नाही असंच लिहायचं. कोणीही रागावणार नाही. माझा शब्द.” बुचं काढली, पहिला गट पुढे बोलावला, तेवढ्यात शिपाई दारात. मॅडमनी सगळ्यांना मैदानावर बोलावलंय, पाहुणे आल्यावर रांगेत कसं उभं राहायचं त्याचा सराव. उरलेला तास मुलं रांगेत उभी राहायला शिकली. ते मात्र त्यांना लगेच समजलं.

शनिवारी चाचणी झाली. दुपारी पेपर घरी, जेवणाच्या टेबलावर, ताईसमोर. तीस जणांनी काहीबाही आकडे ठोकून दिले होते. मुंगीच्या पेपरात त्रेपन्न भागिले चारच्या खाली बारीक अक्षरात ओळ होती, ‘बाई, मला हे समजले नाही.’

ताईने ती दोनदा वाचली. “हे तू सांगितलंस लिहायला?”

“हो.”

“वहीत ‘होय’ आणि पेपरात हे! पथकाच्या हातात आयतं कोलीत. इतरांचं चुकलं तर चुकलं म्हणता येतं, हे काय म्हणायचं? सोमवारी लवकर बोलाव तिला. कोरा पेपर दे, उत्तर फळ्यावर लिही, उतरवून घेईल.”

“ताई, मी तिला शब्द दिलाय.”

“आणि मी तुला नोकरी दिली. कधी बोलून दाखवलं?”

आत्ता दाखवलंत, हे मी गिळलं. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या मधे तेच जेवणाचं टेबल. ताईचे डोळे भरले होते. त्या क्षणी तिने मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी शाळा भरायच्या तासभर आधी मुंगी आली. तेल लावून केस चापून बसवलेले, पाहुण्यांसाठी. मी तिच्यापुढे कोरा पेपर ठेवला. खडू माझ्या हातात होता.

“परत लिहायचंय?” ती म्हणाली. मग हळूच, “तुम्ही म्हणाला होतात, कोणी रागावणार नाही.”

“नाही रागावलं कुणी.”

“मग काय लिहू, बाई?”

मी फळ्याकडे वळले. हात वर केला. तेरा लिहायचं, बाकी एक लिहायचं, दोन सेकंदांचं काम. खडू खाली ठेवला आणि पिशवीतली बुचं टेबलावर ओतली. “त्रेपन्न मोज. या चार वाट्यांत वाट. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.”

तिने एकेक बूच टाकलं, न चुकता, फेरीमागून फेरी. शेवटचं हातात राहिलं. चारही वाट्यांवरून तिने ते फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

“हे कुठेच जात नाही, बाई.”

“मग?”

“मग हे उरलं. तेरा-तेरा, आणि एक उरलं.” ती हसली. “एवढंच होतं होय!”

एवढंच होतं. वीस मिनिटं लागली. तिने तिच्या हाताने उदाहरण सोडवलं आणि मी तो पेपर जुन्या पेपराला टाचला. जुना फाडला नाही. मग सही होऊन परत आलेली टाचणवही उघडली, बुधवारच्या चौकोनातलं ‘होय’ खोडलं आणि शेजारी लिहिलं, ‘पाठ झाला नाही. आज सोमवारी घेतला. एकतिसांपैकी एकीला समजले.’

“जा, मॅडमना देऊन ये.”

मुंगी वही आणि पेपर छातीशी धरून निघाली. खिडकीतून मला ऑफिसचं दार दिसत होतं, आणि फाटकातून आत वळणारी पथकाची गाडी. ताई दारात आली. तिने वही घेतली, तिथेच उघडली, आणि मान वर करून थेट माझ्या खिडकीकडे बघितलं.

मी वाट्या गोळा करायला लागले. तीस मुलं अजून यायची होती, आणि संध्याकाळी मला त्याच टेबलावर जेवायचं होतं.