आभारवाले मामा

आमच्या व्हॉलीबॉल क्लबात भाषणांची उतरंड ठरलेली आहे. सगळ्यात वर अध्यक्ष. त्यांच्याकडे बोलायला काही नसलं तरी चालतं. त्याखाली प्रमुख पाहुणे. त्यांना व्हॉलीबॉलमधलं काही कळत नसलं तरी चालतं. मग प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, खेळाडूंचं मनोगत आणि अगदी तळाला आभारप्रदर्शन. ते करणाऱ्याला सगळं ठाऊक असावं लागतं आणि ते ऐकायला कुणी नसलं तरी चालतं.

हे तळाचं पद क्लब निघाल्यापासून माझ्या मामांकडे आहे.

'आभार' या शब्दाचा आमच्या सभागृहावर होणारा परिणाम पंचांच्या शिट्टीपेक्षा जोरदार आहे. शिट्टी वाजली तर खेळाडू निदान वाद घालतात. मामांनी "आता मी आभार" एवढं म्हटलं, की पहिली प्लास्टिकची खुर्ची करकरते, तिच्यामागे सगळ्या करकरतात, मागच्या टेबलावर चहाच्या किटलीचं झाकण टण्णकन उघडतं आणि पुढचं सगळं मामा लोकांच्या पाठींना सांगतात. किटलीचं झाकण उघडणारी बाई म्हणजे माझी मामी. क्लबाचं चहाखातं तिच्याकडे आहे. मामांचं एकही भाषण तिने पुरतं ऐकलेलं नाही, आणि याची तक्रार मामांनी केली तर ती म्हणते, "घरी ऐकते की."

यंदा मामांचे गुडघे बोलायला लागले. मंचाच्या पायऱ्या चढवत नाहीत, तेव्हा पुढच्या वर्षापासून दुसरा माणूस बघा, असं त्यांनी कळवलं. कमिटीला एकदम प्रेमाचं भरतं आलं. बक्षीस समारंभाचं मुख्य भाषण यंदा मामांनीच करावं, असा ठराव झाला. उरलेलं आभारप्रदर्शन भाच्याकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. घरातली जहागीर घरातच राहिली.

मी कॉलेजात भाषा शिकवतो. त्यामुळे नातेवाइकांपैकी कुणालाही चार वाक्यं बोलायची वेळ आली, की ती मी लिहून द्यायची असं घरात गृहीत धरलेलं आहे. पण मामांनी आजवर कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी ते स्वतः आले, पाणी प्यायले, पंख्याकडे बघत बसले.

"भाचेराव, मुद्दे तूच काढ. माझी एवढीच इच्छा आहे."

"काय?"

"एकदा तरी माझं शेवटचं वाक्य लोकांनी बसून ऐकावं. एवढंच. वाक्य कुठलंही असू दे."

मी भाषण लिहिलं. चांगलं लिहिलं. सुरुवातीलाच एक विनोद घातला: तीन स्पर्शांत चेंडू पलीकडे गेलाच पाहिजे, हा व्हॉलीबॉलचा नियम वक्त्यांना लावला तर सभा वेळेवर संपतील. आणि एक पथ्य कडक पाळलं. 'आभार' हा शब्द भाषणात कुठेही येऊ दिला नाही.

तालीम मामांच्या जेवणाच्या टेबलाशी झाली. माईक म्हणून टीव्हीचा रिमोट. श्रोते दोन, मी आणि मामी. मामीच्या मांडीवर निवडायची भाजी होती, म्हणजे श्रोत्यांतले पन्नास टक्के कामात.

"सुरुवात कुठे बघून करू?" मामांनी विचारलं.

"समोर. लोकांकडे."

"तोंडांकडे?"

"तोंडं समोरच असतात, मामा."

"तुझ्या वर्गात असतील. मला पाठींची सवय आहे. पाठीवरून मी अख्खा क्लब ओळखतो. तोंडं बघितली की घसा सुकतो."

विनोद त्यांनी झकास सांगितला. पुढे मात्र दर वाक्याची गाडी घसरून त्याच रुळावर जायला लागली. "मैदान सपाट करून दिलं त्यांचे आभार." "नेट वेळेवर आलं, त्यांचे आभार." दर वेळी मामी भाजीचं ताट उचलून उठून उभी राहायची.

"आता का उठलीस?"

"अहो, तुम्ही तो शब्द बोललात. मला काय, सवय."

शेवटी मी म्हटलं, "मामा, त्या शब्दावाचून जीभ राहत नसेल, तर 'कृतज्ञ आहे' म्हणा. त्याला कुणी उठत नाही."

मामांनी रिमोट तोंडाशी नेला, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "मी आपणा सर्वांचा कृतघ्न आहे."

"हे पहिलं खरं वाक्य," मामी म्हणाली.

मग तो एकच शब्द आम्ही घोटला. कधी 'ज्ञ' यायचा, कधी 'घ्न', आणि कोणता येणार याचा अंदाज बोलणाऱ्यालासुद्धा नसायचा. मी ते वाक्य काढून टाकायला निघालो, तर मामांनी कागद ओढून घेतला. "राहू दे. मी सांभाळून बोलेन." सांभाळून बोलायची कल्पना त्यांची. मी होकार दिला, ती चूक दोघांत वाटून घ्यावी लागेल.

समारंभाला सभागृह भरलं होतं. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्याच्या खिशात माझं भाषण चौकोनी घडी करून ठेवलं होतं. दोन खेळाडूंनी त्यांना पायऱ्यांवरून वर नेलं, ट्रॉफी नेतात तसं, दोन्ही बाजूंनी धरून. त्यांनी माईक हातात घेतला आणि समोरची तोंडं बघितली. पाण्याचा ग्लास त्यांनी तिथेच रिकामा केला.

पण विनोद जमला. लोक हसले. बसून हसले. अध्यक्षसुद्धा हसले, विनोद त्यांच्यावर होता हे त्यांना घरी गेल्यावर कळलं असेल. मामा मात्र त्या हशाने दचकले. इतक्या वर्षांत समोरून असा आवाज कधी आलाच नव्हता. ते गडबडले, कागदावरच्या मधल्या तीन ओळी त्यांनी गाळल्या आणि थेट त्या वाक्यावर येऊन थांबले.

"मी आपणा सर्वांचा," ते म्हणाले. मग थांबले. त्यांचे ओठ शब्द चाचपताना मला दिसले. ज्ञ, का घ्न? पहिल्या रांगेत बसून मी श्वास रोखला. मामांनी धोका पत्करला नाही. जन्मभराच्या ओळखीचा शब्द समोर होता, तोच उचलला.

"आभारी आहे."

खुर्च्या करकरल्या. मागे टण्णकन आवाज झाला. कुणाची काही चूक नव्हती. कान ऐकत होते आणि पाय उठत होते. निम्मं सभागृह दाराकडे तोंड करून उभं राहिलं, तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं की मुख्य भाषण सुरू होऊन जेमतेम चार वाक्यं झाली आहेत. आता परत बसावं, तर आपण उठलो होतो हे सिद्ध होणार. म्हणून सगळे तसेच उभे राहिले, पाठमोरे, बसची वाट बघत असल्यासारखे.

सेक्रेटरी दोन्ही हातांनी "बसा, बसा" अशा खुणा करत होता. मी मंचाकडे बघायचं टाळलं. माणसाची एक साधी इच्छा, आणि ती मी लिहून दिलेल्या वाक्यावर आपटली होती.

मग माईकमधून खाकरल्याचा आवाज आला. मोकळा, घरातला. मी वर बघितलं. मामांचे खांदे खाली आले होते. समोर त्यांच्या ओळखीच्या पाठी होत्या. त्यांनी माझा कागद घडी करून खिशात ठेवला.

"जा, जा, चहा गार होईल," ते म्हणाले. "दाराशी पोचलेले आमचे पंच, त्यांना आधी वाट द्या. यांनी फायनलला स्वतःच्या जावयाच्या विरुद्ध निर्णय दिला. मुलगी अजून यांच्याशी बोलत नाही. निर्णय बरोबर होता, मी जवळ उभा होतो. मुलीलाही सांगतो पाहिजे तर."

पंच दारातच थांबले आणि वळले.

"त्यांच्यामागे आमचे टेलर. यांनी एका जर्सीवर सहा आकडा उलटा शिवला, म्हणून आम्ही दोन नऊ नंबर घेऊन खेळलो. समोरचा संघ शेवटपर्यंत चुकीच्या नऊला अडवत होता. तो कप यांचा आहे, आपण नुसता उचलला."

टेलर वळले. हसू पसरलं, आणि या वेळी मामा दचकले नाहीत.

"खांबाआड लपताहेत त्या बाल्कनीवाल्या काकू. आपला चेंडू यांच्या कुंड्यांत जातो. काकू तो दर वेळी परत टाकतात. मैदानात नाही, ज्याने मारला त्याच्या डोक्यात. असा नेम आपल्या एकाही खेळाडूकडे नाही."

"माझी तुळस गेली त्यात," काकू खांबाआडून म्हणाल्या.

"उंच दिसतोय तो शिडी. याला वाटतं, गेल्या वर्षी शेवटची सर्व्हिस नेटमध्ये मारली म्हणून आपण हरलो. शिडी, आपण त्याच्या आधीच हरलो होतो. तुझ्यामुळे लवकर घरी गेलो."

शिडी हा आमचा कॅप्टन. तो मान खाली घालून वळला, आणि वर बघितलं तेव्हा त्याचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा सैल होता. एकेक पाठ अशी फिरत गेली. ज्यांचा उल्लेख झाला नव्हता ते आपली पाळी येईल म्हणून थांबले होते. बाहेर जायला दार उघडं होतं आणि कुणी जात नव्हतं.

"आणि शेवटी," मामा म्हणाले, "किटलीपाशी उभ्या आहेत त्या. यांनी माझं एकही भाषण पुरतं ऐकलेलं नाही."

मागे झाकण किटलीवर परत बसल्याचा आवाज आला. हळू, टण्ण न होता.

"ऐकतेय," मामी मागून म्हणाली. "बोला."

मामांनी माईक दुसऱ्या हातात घेतला. जन्मभर ज्यासाठी थांबले ते वाक्य कोणतं, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. आणि सगळी तोंडं आता त्यांच्याकडे होती.

"बसा," ते म्हणाले.

सगळे बसले. मामी मोकळी खुर्ची बघून पदराने वारा घेत बसली.

"माझं झालं," मामा म्हणाले, आणि माईक ठेवला.

टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. मामांना खाली आणून पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या सोफ्यावर बसवलं. मग माझं नाव पुकारलं गेलं. मी मंचावर गेलो, कागद उघडला आणि म्हणालो, "आता मी आभार..."

पुढचं सांगायला नको. किटली उघडली, दार भरलं, पंच आणि टेलर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर गेले. मी पाठींशी बोलत राहिलो. कुठली पाठ कुणाची, मला काही कळत नव्हतं.

समोर एकच माणूस बसला होता. पायावर पाय, हात कानामागे. मामी त्यांच्यासाठी चहाचा कप घेऊन आली, तर त्यांनी बोट वर करून तिला थांबवलं आणि माझ्याकडे दाखवलं. ती कप धरून सोफ्याच्या कडेला टेकली. मी शेवटचं वाक्य बोललो तोवर चहावर साय धरली होती.

मामांनी एकट्याने टाळ्या वाजवल्या. मी खाली आल्यावर त्यांनी सोफ्यावर सरकून मला जागा केली.

"माईकवाल्याचे आभार राहिले तुझे," ते म्हणाले. "आणि जरा मोठ्याने बोलत जा. पाठीला कान नसतात."