बापूसाहेबांच्या सोहळ्यात घाईचा नियम

बापूसाहेब हातवळण्यांच्या कृतज्ञता सोहळ्याला अमरावतीच्या त्या हॉलमध्ये माणसं इतकी लोटली, की हार घातलेल्या फोटोतले बापूसाहेबही जरा अंग चोरून बसले होते म्हणतात. स्टेजवर मधोमध टेबल टेनिसचं टेबल मांडलेलं. त्याच्या बाजूला अंपायरची उंच खुर्ची, अन् त्या खुर्चीवर निळा कोट घालून दर्यापूरचे खुशालराव. शोभेसाठीच बसवले होते त्यांना. पण शोभेचा माणूस सारखा घड्याळाकडे बघत होता.

बापूसाहेब वकील. पण वकिली दुपारपुरती, बाकी सगळा दिवस टेबल टेनिस. राष्ट्रीय संघटनेचे बावीस वर्षं सरचिटणीस होते. शेतावरच्या खुशालरावांना पकडून त्यांनीच अंपायर केलं. दोघांनी मिळून अंजनगावाला पहिलं टेबल नेलं ते मूर्तिजापुराहून, अरुंद रुळांवरून रमतगमत जाणाऱ्या शकुंतला गाडीच्या उघड्या वाघिणीत. खुशालराव शपथेवर सांगत, की वाटेत दोन पोरांनी त्या टेबलावर पुरा सामना खेळून घेतला. चेंडू खाली पडला की पोरगं उतरे, चेंडू उचले, दोन बोरं खाई अन् चालून मागच्या वाघिणीत चढे.

आज मात्र वेळेची गाडी सुसाट निघाली होती. संघटनेचे अध्यक्ष खास इंदुराहून आले होते आणि साडेचारला उठून बडनेऱ्याला गाडी गाठणार होते. भाषणं करणारे अकरा. अकरावं नाव प्रमोदिनीबाईंचं, म्हणजे बापूसाहेबांच्या पत्नीचं. त्यांना अध्यक्षांकडे एकच गोष्ट मागायची होती, अन् तीही चारचौघांत. बंद खोलीत मागितलं की संघटना "पाहू" म्हणते, हा त्यांचा जुना अनुभव. सकाळीच खुशालरावांनी छाती ठोकून सांगितलं होतं, "वैनी, अध्यक्ष उठायच्या आंदी माइक तुमच्या हाती देनं माहा जिम्मा."

आता घड्याळात पावणेचार झाले होते आणि चौथ्या नंबरचे ललितभाऊ, माजी नगरसेवक, पंचवीस मिनिटं झाली तरी बापूसाहेबांच्या बालपणातच फिरत होते.

"त्यांच्या डोळ्यांत तेव्हाच एक तेज होतं," ललितभाऊ म्हणाले, "आणि ते तेज..."

"टाइम!" खुर्चीवरून आरोळी आली.

हॉल दचकला. ललितभाऊंनी मान वर केली. "काय झालं, खुशालराव?"

"धा मिनिटाच्या वर गेम चालला ना भाऊ तुमचा. मी घाईचा नियम लावून राहिलो."

हा नियम खेळातला, अगदी अस्सल. दोघं खेळाडू नुसता चेंडू ढकलत बसले आणि दहा मिनिटांत गेम निकालात निघाला नाही, तर अंपायर हा नियम लावतो. मग सर्व्हिस करणाऱ्यानं पॉइंट झटपट मिळवायचा. समोरच्यानं तेरा वेळा चेंडू परतवला, की पॉइंट समोरच्याचा.

"सर्व्हिस बोलनाऱ्याची, समोर पब्लिक," खुशालरावांनी जाहीर केलं. "एक वाक्य मंजे एक फटका. तेरा झाले की खाली बसाचं."

"अहो, हे भाषण आहे, मॅच नाही!"

"एक!"

"हा काय चावटपणा आहे?"

"दोन!"

पुढच्या रांगांत अर्ध्याहून जास्त जुने खेळाडू अन् पंच. त्यांच्या अंगात वारं शिरलं. तिसऱ्या वाक्याला सगळा हॉल मोजायला लागला. ललितभाऊ काही कच्चे नव्हते. त्यांनी एकच वाक्य धरलं आणि "आणि, आणि" करत ते बालपणातून थेट लॉ कॉलेजपर्यंत ओढत नेलं.

"कोनताबी 'आनि' मंजे बॅट लागली!" खुशालराव ओरडले. "चार, पाच, सहा, सात! पब्लिक, मोजा बाप्पा!"

लॉ कॉलेजच्या पायरीवरच ललितभाऊ बाद झाले.

मग एक प्राचार्य उठले. त्यांनी सुरुवात केली, "व्यासपीठावरील सन्माननीय अध्यक्ष..." हॉल म्हणाला, एक. "सन्माननीय उपाध्यक्ष..." दोन. प्राचार्यांच्या यादीत सतरा सन्माननीय होते. तेराव्या सन्माननीयांशी त्यांचं भाषण संपलं. बापूसाहेबांचं नावही तोंडातून निघालं नाही, पण टाळ्या अशा पडल्या की तेवढ्या त्यांना उभ्या नोकरीत पडल्या नव्हत्या. पुढचे पाच जण अठरा मिनिटांत आटोपले. अध्यक्ष रुमालात तोंड खुपसून हसत होते. चार वाजून वीस मिनिटांनी प्रमोदिनीबाई माइकशी आल्या.

खुशालरावांना कोडं पडलं. वैनीले कसं मोजाचं? त्यांनी मान खाली घातली.

"खुशालराव, मोजा," बाई म्हणाल्या. "यांनी तुम्हाला पंच केलं ते ओळख बघून पॉइंट द्यायला नाही."

खुशालरावांनी कोटाची बटणं लावली. "टाइम. सर्व्हिस वैनीची."

"यांनी संघटनेची बावीस वर्षं सेवा केली, हे आज तुम्ही सगळ्यांनी सांगितलंत."

"एक," हॉल म्हणाला.

"त्यातली पंधरा वर्षं संघटनेचं ऑफिस म्हणजे माझ्या स्वयंपाकघराला लागून असलेली खोली होती."

"दोन."

"निवड चाचणीला निघालेल्या मुली आमच्याकडे उतरायच्या, यांनी त्यांना नियम सांगायचे आणि मी पोळ्या वाढायच्या. अंजनगावची एक मुलगी राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडली गेली, पण स्पर्धा होती गुवाहाटीला. बापानं पाठवलं नाही."

"पाच." आवाज आता उतरला होता.

"तिच्यासारख्या एकोणीस मुलींची नावं यांच्या वहीत आहेत. या सगळ्या निवडल्या गेल्या, आणि एकही पोचली नाही."

'आणि'चा फटका मोजायचं कोणाच्या मनातही आलं नाही, ललितभाऊंच्यासुद्धा.

"सात," खुशालराव एकटेच पुटपुटले.

"म्हणून स्पर्धाच मुलींच्या दाराशी आणायची, असं हे म्हणायचे. अकोल्यासाठी यांनी कार्यकारिणीकडे सात वेळा अर्ज केला. सातही वेळा 'पाहू' असं उत्तर आलं. आठवा अर्ज लिहून झाला होता, सही तेवढी राहिली."

"अकरा."

बाईंनी पिशवीतून कागद काढला आणि टेबलावर, अगदी जाळीपाशी, अध्यक्षांच्या बाजूला सरकवला.

"अध्यक्षसाहेब, सही मी केली आहे, मुलींची येती राष्ट्रीय स्पर्धा अकोल्याला देता का?"

"बारा," खुशालराव म्हणाले, अन् त्यांचा आवाज फाटला.

अध्यक्षांच्या कानाशी कोणीतरी गाडीची आठवण केली. त्यांनी हातानंच त्याला गप्प केलं, कागद वाचला, खिशातलं पेन काढलं आणि उभं राहून सही केली. म्हणाले, "बाईसाहेब, गाडी गेली तर गेली. अकोला दिलं, आणि चषकाला नाव बापूसाहेबांचं!"

"गेम अन् मॅच, प्रमोदिनीवैनी!" खुशालराव खुर्चीवर उभेच राहिले. सत्तरीतला माणूस, पण पडायला जागा कुठे होती. खाली सगळे हातच हात होते.

टाळ्यांचा कडकडाट मूर्तिजापूरपर्यंत गेला. तिथल्या लोकांना वाटलं, आभाळ गडगडलं. सोंगून ठेवलेल्या सोयाबीनवर त्यांनी धावत जाऊन ताडपत्र्या टाकल्या, आणि निरभ्र ऑक्टोबरकडे बघत बराच वेळ तशाच धरून ठेवल्या.

इकडे गर्दीतून वाट काढत प्रमोदिनीबाई खुशालरावांजवळ आल्या. पदर खोचलेला, डोळे कोरडे अन् लकाकते.

"आता हॉल बघायला कधी जायचं? एकोणीस जणींना निरोपही धाडायला हवेत. त्यांच्या लेकी आता खेळण्याच्या वयाच्या असतील."

"वैनी, बसा तरी घडीभर!"

"बसायचं काय? सकाळची अकोल्याची एसटी किती वाजता सुटते ते सांगा."