झाकणाखालचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी विहीर आहे. कोल्हापूरजवळच्या एका विद्यापीठात, रसायनशास्त्राच्या इमारतीमागे माझी जागा आहे. भोवती हिरवळ आहे, पण माझ्या कठड्यावर पाखरू बसत नाही.

विद्यापीठ होण्याआधी इथे उसाचं रान होतं. काळा कातळ फोडून मला खणलं. पाझर लागला, तेव्हा खणणाऱ्यांनी पहिली ओंजळ मलाच परत दिली आणि मग ते पोटभर पाणी प्यायले. पुढे रान गेलं, वर्ग उभे राहिले. आवारातली मोठी झाडं माझ्या पाण्यावर वाढली. वसतिगृहातल्या मुली वाकून स्वतःचं नाव पुकारायच्या आणि मी ते नाव त्यांना परत द्यायचे. पाहुणे आले की मला कौतुकाने दाखवलं जाई.

मग नळ आला. माझ्याकडे कुणी फिरकेना. एके वर्षी प्रयोगशाळेचं गटार तुंबलं, म्हणून सांडपाण्याचा पाइप तात्पुरता माझ्यात सोडला. तो तसाच राहिला. आधी बेडूक गप्प झाले. मग मासे पोट वर करून तरंगले. वास सुटला, तेव्हा माझ्यावर सिमेंटचं झाकण बसवलं.

त्या अंधारात मला एकच गोष्ट जाणवायची. आवाराच्या भिंतीपलीकडे पंपाची मोटार घरघरली, की कातळातल्या भेगेतून माझं पाणी हळूहळू तिकडे सरकायचं. कुणीतरी मला पीत होतं, आणि मला ओरडता येत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एक समिती आली. विद्यापीठ पर्यावरण किती सांभाळतं, हे तपासून तिला मानांकन द्यायचं होतं. त्याआधी माझ्या झाकणाला हिरवा रंग दिला होता. वर पाटी होती : ‘पाऊसपाणी साठवण’. समितीत इरावतीबाई नावाच्या प्राध्यापिका होत्या. आवाराची व्यवस्था बघणारे उदयसिंह त्यांना सौरदिवे आणि खतखड्डा दाखवत माझ्यापाशी आले.

“झाकण काढा. पाणी बघू या,” बाई म्हणाल्या.

“आत काय न्हाय बघण्यासारखं, मॅडम. साप असत्यात. तिकडं चहा निवतोय की.”

“साठवण म्हणता ना? मग पाणी दिसायला हवं.”

माळ्यांनी झाकण सरकवलं. भर दुपारचं ऊन आत पडलं, तरी माझं पाणी उजळलं नाही. बाई वाकल्या, पण त्यांचा चेहरा पाण्यात उमटला नाही. त्यांनी हाक दिली, “ओ!” फेसाच्या जाड सायीने ती गिळून टाकली. माझ्याकडून उत्तर गेलं नाही.

तेवढ्यात पलीकडे मोटार सुरू झाली. माझ्यावरची साय थरथरली आणि संथपणे भेगेकडे सरकू लागली. वारा नव्हता. बाईंची नजर सायीमागून भिंतीकडे गेली.

“भिंतीपलीकडे काय आहे?”

“वस्ती हाय,” उदयसिंह म्हणाले. मग त्यांनी सरकत्या सायीकडे पाहिलं. “बोअर हाय त्यांची.”

बाई मागच्या फाटकातून धावत बाहेर गेल्या. पलीकडून त्यांचा आवाज मला ऐकू आला. “मावशी, मोटार बंद करा!”

तिथे वस्तीतली शालूबाई कळशी भरत होती. “का वं बाई? आत्ताच तर चालू केली.”

“हे पाणी पिता तुम्ही?”

“व्हय की. दुसरं कुठलं आणायचं? वास येतोय म्हणून सांगून दमलो. जमिनीचा गुण हाय म्हणत्यात. नातवाच्या अंगावर चट्टं उठल्यात, ती बी जमिनीचीच व्हय?”

मोटार थांबली. साय जागच्या जागी थबकली. उदयसिंह कठड्याला धरून उभे होते. “पाइप तोडा,” ते माळ्यांना म्हणाले. “आत्ताच्या आत्ता.”

त्या वर्षी विद्यापीठाला मानांकन मिळालं नाही. वस्तीवर टँकर येऊ लागला. शालूबाईच्या नातवाला दवाखान्यात नेलं; चट्टे फिके झाले, अजून गेलेले नाहीत. मला उपसतात, गाळ काढतात, पुन्हा उपसतात. मी कधी स्वच्छ होईन, हे कुणालाच सांगता येत नाही.

मित्रांनो, आमचा परिसर हिरवा आहे असं कुणी सांगितलं, तर नुसती झाडं बघून परतू नका. इथलं घाण पाणी कुठे जातं, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. भिंतीपलीकडे कुणीतरी तहानलेलं असतं.