पंच्याखालची किंमत

मित्रांनो, मला फडकं म्हणू नका. मी पंचा आहे. जुना झालो आहे, अर्धाच उरलो आहे, एका कडेला जळल्यासारखी भोकं आहेत, हे सगळं मान्य. पण माझ्याखाली एके काळी शेकडो बैलांच्या किमती ठरल्या आहेत, आणि माझ्यामुळेच एका माणसाची पुरती फजिती झाली आहे. त्या फजितीचा मला अजून आनंद होतो. चांगल्या वस्तूनं असं बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

नगरमधल्या एका हातमागावर मी विणला गेलो. जाड पांढरं सूत आणि दोन्ही काठांना लाल रेघ. घोडेगावच्या कानिफनाथांनी मला दुकानात एकदा झटकून पाहिलं आणि थेट खांद्यावर टाकलं. कानिफनाथ घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल होते.

तुम्ही तो बाजार पाहिला नसेल, म्हणून सांगतो. तिथं जनावराची किंमत तोंडानं बोलत नसत. दलाल आधी विकणाऱ्याचा हात धरी, मग घेणाऱ्याचा, आणि हातांवर पंचा टाकी. आत बोटं दाबायची. एक बोट म्हणजे शंभर, किंवा हजार, जसं जनावर असेल तसं. भोवती उभ्या असलेल्या माणसांना नुसता हलणारा पंचा दिसे. अडचणीपायी कुणाला आपला बैल कमी किमतीत द्यावा लागला, तर चारचौघांत त्याची मान खाली जाऊ नये, म्हणून ही रीत. मी लाज झाकत होतो. या कामाचा मला फार अभिमान होता.

कानिफनाथांचा एक नेम होता. विकणाऱ्याला जेवढी बोटं, घेणाऱ्यालाही तेवढीच. आपली दलाली ते वेगळी मागत, मोठ्या आवाजात, सगळ्यांदेखत. आणि घरी गेल्यावर मला स्वतःच्या हातानं धुऊन बाभळीवर वाळत घालत.

एकदा तिसगावहून चांगुणाबाई नावाची एक बाई म्हैस घ्यायला आली. नवरा गेलेला, सोपान नावाचं पोर कडेवर. बाईचा हात धरायला दलाल कचरत होते. त्यातून ती बौद्ध घरातली, म्हणून दोघा-तिघांनी आणखी वेगळ्या कारणानं हात मागं घेतले. ती सगळ्या बाजारात फिरली आणि शेवटी कानिफनाथांसमोर येऊन उभी राहिली. त्यांनी मला खांद्यावरून काढलं आणि म्हणाले, "बस माय. हात दे." एवढंच. माझ्याखाली त्या दोन हातांची बोटं भेटली, तेव्हा तिनं त्यांची बोटं घट्ट धरून ठेवली. पुढं तिनं प्रत्येक जनावर त्यांच्याकडूनच घेतलं.

मग कानिफनाथ वारले आणि मी त्यांच्या मुलाच्या, पुंजारामच्या खांद्यावर आलो.

पुंजारामला शेणाचा वास सहन होत नसे. शेतात ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, तसा तो जुन्या गाड्यांच्या दलालीत शिरला. सकाळी सातला तो नगरच्या स्टँडवर बसे, चहा मागवी आणि पेपरातल्या छोट्या जाहिराती उघडी. 'विकणे आहे' दिसलं की पेनानं गोल. बऱ्याच जाहिरातींच्या शेवटी लिहिलेलं असे, 'दलाल क्षमस्व'. ते वाचून तो हसे. म्हणे, "क्षमस्व काय! जा, केली क्षमा." आणि इतर कुणी पोहोचायच्या आत मालकाच्या दारात उभा राही.

माझे हाल तिथून सुरू झाले. इंजिनातलं ऑइल पाहायचं, पुस माझ्याच अंगाला. टायरचा चिखल, पानाची पिंक, तेही माझ्याच अंगाला. मला पाणी दाखवणं त्यानं सोडून दिलं. हे सगळं मी सोसलं असतं. पण एके दिवशी त्यानं माझ्याखाली विकणाऱ्याची दोन बोटं दाबली आणि घेणाऱ्याची चार. मला वाटलं, चुकला असेल. दुसऱ्या सौद्यातही तेच. तिसऱ्यातही. मधली बोटं त्याच्या खिशात जात होती, आणि कुणाला कळत नव्हतं, कारण वर मी होतो.

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या मनात सूड आला. गाडीच्या पंख्यात गुंतावं आणि ओढत न्यावं त्याला, इथपर्यंत विचार गेले. मोटारसायकलवर त्याच्या गळ्याभोवती आवळावं, असंही वाटलं. पण मी नुसतं सूत. वाऱ्याशिवाय मला हलता येत नव्हतं. म्हणून मी वाट पाहत राहिलो.

शहाण्णव साली नगरमधल्या सावेडीच्या नारायणरावांनी जाहिरात दिली. 'पांढरी व्हॅन, एकाच मालकाची. समक्ष भेटा. दलाल क्षमस्व.' पुंजाराम तासाभरात हजर. म्हणाला, "मी दलाल नव्हे साहेब, घेणाऱ्याचा मामा." नारायणराव कचेरीतून निवृत्त झालेले, सरळ माणूस. त्यांनी व्हॅन दाखवली आणि आपणहून सांगितलं, "हे पाहा, ब्रेक नीट धरत नाहीत. ब्रेकचं सगळं काम करून घ्यावं लागेल. म्हणून मी फक्त तीस हजार सांगतोय. घेणाऱ्यांना हे आधी सांगा बरं का!"

"सांगतो की," पुंजाराम म्हणाला. बॅटरीच्या टोकांवर पांढरा बुरा साचला होता, तो झाकण्यासाठी त्यानं बॅटरी चांगली घासून पुसली. अर्थात माझ्याच अंगानं. बॅटरीतलं तेजाब पाण्यासारखं दिसतं. त्याला वाटलं पाणीच. पुढच्या चार दिवसांत माझा एकेक धागा आतून जळत गेला. दुखत होतं. पण मला पहिल्यांदाच हसू येत होतं.

आता घेणारे कोण, ते ऐका. त्याच चांगुणाबाई. कडेवरचं पोर आता मोठं झालं होतं. सोपान दुसऱ्याची जीप चालवत होता. त्याची बायको भारती गावात नर्स होती. मागच्या पावसाळ्यात वस्तीवरची एक अडलेली बाई नगरला न्यायला गाडीच मिळाली नाही, आणि आई-बाळ दोघंही भारतीच्या हातात गेली. तेव्हापासून भारतीनं एकच ध्यास घेतला होता. दारात गाडी हवी. सोपाननं चालवायची, आणि हाक आली की निघायचं. त्यासाठी चांगुणाबाईंनी दोन्ही म्हशी विकल्या होत्या. दुसऱ्यांदा विकायला घरात काही नव्हतं.

नारायणरावांची जाहिरात भारतीनं स्वतः पेपरात वाचली होती. ती म्हणाली, "आत्या, आपण सरळ मालकाकडं जाऊ."

"खुळी का काय तू?" चांगुणाबाई म्हणाल्या. "मधी माणूस नको? आन् किंमत काय वरडून सांगायची व्हय? कानिफनाथाचं पोर हाय की."

बघा, विश्वास कुणावर होता आणि पोहोचला कुणाकडं.

चार दिवसांनी नारायणरावांच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. पुंजारामनं नारायणरावांच्या कानात सांगितलं, "ब्रेकचं मी बोललोय. तुम्ही पुन्हा काढू नका, म्हातारी अपशकुन धरते." इकडं येऊन चांगुणाबाईंना म्हणाला, "साहेब मोठा माणूस. तोंडानं किंमत काढली की चिडतो." नारायणरावांना पंच्याची गंमतच वाटली. म्हणाले, "हे आम्ही नुसतं ऐकलं होतं बुवा!"

सोपान व्हॅनभोवती फिरून आला. "आये, इंजिन ब्येस हाय. जरा चालवून बघू का?"

"किल्ली नंतर," पुंजारामनं त्याला थांबवलं. "आधी हात."

भारती पुढं झाली. "नारायणकाका, मी एक विचारू? ह्या गाडीनं पोटुशी बाई घाटातून न्यायची आहे. नेता येईल ना?"

नारायणराव बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात पुंजाराम घाईनं मध्ये बसला. "ताई, बायकांनी सौद्यात टोचू नये. बसा. मावशी, तुमचा हात. साहेब, तुमचा. एका दमात मिटवू." आणि मला आडवं पसरून त्यानं माझ्याखाली उजव्या हातात चांगुणाबाईंचा, डाव्या हातात नारायणरावांचा हात धरला.

उजवीकडं त्यानं पाच बोटं आवळली. गाडीच्या सौद्यात एक बोट म्हणजे दहा हजार, म्हणजे पन्नास हजार. डावीकडं तीन.

मित्रांनो, माझ्याखाली चांगुणाबाईंनी पुन्हा बोटं घट्ट धरली होती. पहिल्या दिवशी धरली होती तशीच. मी आणखी वाट पाहिली नाही. वारा आला, की मीच ताण घेतला, हे मला नक्की सांगता येणार नाही. पण मी फाटलो. टर्रकन, मधोमध, दोन्ही हातांच्या मध्ये, आणि बाजूला पडलो.

उघड्या उन्हात पुंजारामचे दोन्ही हात सगळ्यांना दिसले.

चांगुणाबाईंनी आधी स्वतःचा हात पाहिला. मग पलीकडचा. बोटांची भाषा त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"तीन?" त्या म्हणाल्या. "पुंजा, त्यांच्या हाताला तीन आन् माझ्या हाताला पाच?"

"मावशी, ते... पंचा सटकला, बोट घसरलं..."

"दोन बोटं घसरली व्हय रं? लई निसरडा दिसतोस!"

नारायणराव उठून उभे राहिले. "पाच? पन्नास हजार? अहो, ब्रेक गेलेत म्हणून मी तीस सांगितले!"

मग भारती अगदी हळू म्हणाली, "ब्रेक गेलेत?"

"यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

भारतीनं मान हलवली. तिचे डोळे व्हॅनवर होते. ती मनात घाट पाहत होती, मला माहीत आहे.

पुंजारामनं मला उचलायला हात पुढं केला. चांगुणाबाईंनी त्याआधीच माझे दोन्ही तुकडे उचलले.

"माझा पंचा द्या मावशी. मी जातो."

"तुझा? ह्यो कानिफनाथाचा हाय. त्यानं ह्याच्याखाली माझा हात धरला हुता, जवा कुनी धरत न्हवतं." त्यांचा आवाज चढला. "पायजे का तुला? मंग मोठ्यानं बोल. तीनाचं पाच क्येलं, आन् बिरेक लपवलं. बोल. समद्यांम्होरं."

कुंपणापलीकडं शेजारी जमले होते. पुंजारामनं दोनदा तोंड उघडलं. ज्यानं जन्मभर पंच्याखाली किंमत सांगितली, त्याला उजेडात एक आकडा बोलता येईना. तो तसाच निघून गेला, रिकाम्या खांद्यानं. त्याची पाठ फाटकाबाहेर जाईपर्यंत मी पाहत राहिलो. फाटल्याचं दुःख? मुळीच नाही. काय सुरेख दुपार होती ती!

मग सौदा झाला, तोही तोंडानं. भारतीनं गाडीचं पुस्तक मागितलं आणि त्यावरचं नाव नारायणरावांचंच आहे, हे वाचून घेतलं. सोपाननं इंजिनवरचा आणि चासीवरचा नंबर धूळ पुसून पाहिला, पुस्तकातल्या नंबराशी अंकाअंकानं जुळवला. दुसऱ्या दिवशी ओळखीचा मिस्त्री आला. ब्रेक नवे झाल्यावर सोपाननं मोकळ्या रस्त्यावर गाडी दहा वेळा पळवली आणि दहा वेळा थांबवली. मग नारायणराव स्वतः आरटीओच्या कचेरीत गेले आणि दोघांनी मिळून गाडी सोपानच्या नावावर केली. पैसे त्यानंतरच दिले गेले. चांगुणाबाई म्हणाल्या, "म्हैस घ्याया येवढं कराया लागत न्हाई बाई!" भारती म्हणाली, "म्हशीला ब्रेक नसतो आत्या."

नगरच्या स्टँडवर ही गोष्ट पुंजारामच्या आधी पोहोचली. तो नवा कोरा टॉवेल घेऊन बसला, पण त्याखाली कुणी हात घालीना. लोक जाता-जाता विचारत, "पुंजाराम, आज बोटं किती घसरली?" हे कळलं तेव्हा मी व्हॅनच्या आरशाला बांधलेला होतो. माझा सडका तुकडा चांगुणाबाईंनी चुलीत घातला, आणि चांगला तुकडा सोड्यात उकळून, बाभळीवर वाळवून तिथं बांधला होता.

हिवाळ्यातल्या एका दुपारी वस्तीवरच्या रतनबाईला कळा सुरू झाल्या. बाळ आडवं होतं. सोपाननं व्हॅन काढली. करंजीच्या घाटात रतनबाईला असह्य झालं, तेव्हा भारतीनं मला आरशावरून सोडलं आणि तिच्या मुठीत दिलं. तिनं मला असं पिळलं की माझे उरलेले धागे कुरकुरले. पुढं उताराचं वळण होतं. वळणापलीकडं एक ट्रक रस्त्यातच बंद पडून उभा होता.

सोपाननं ब्रेक दाबला. व्हॅन थांबली. ट्रकच्या फळीपासून हातभर अलीकडं.

सोपान स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. भारतीनं एक हात रतनबाईच्या पोटावर ठेवला, एक सोपानच्या पाठीवर, आणि म्हणाली, "चला आता. सावकाश." तासाभरानं नगरच्या दवाखान्यात मुलगी झाली. आई सुखरूप, लेक सुखरूप.

असं काही झालं की मनातला राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही. त्या हातभर जागेकडं पाहून मला पहिल्यांदा नीट कळलं की दोन बोटांसाठी पुंजाराम काय विकायला निघाला होता. मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही.

म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरी कधी जुनी गाडी घ्यायचं ठरलं, आणि मोठी माणसं घाईत असली, तर तुम्ही मध्ये उभे राहा. विचारा, खरा मालक कुठं आहे? कागदावर नाव कुणाचं आहे? गाडी चालवून पाहिली का, आणि थांबवून? कुणी किंमत हळू आवाजात सांगू लागला, तर त्याला म्हणा, मोठ्यानं बोल.

आणि आमच्यासारख्या कपड्यांना जपा. आम्हाला फार काही लागत नाही. थोडं पाणी, थोडं ऊन. डोक्याला बांधा, घाम पुसा, दुखत असेल तर मुठीत धरा. मात्र आमच्याखाली लबाडी झाकू नका.

मी अजून फाटू शकतो.